साखरेचा आजार आणि आमचा भात

आमच्या वहिनींना दोन वर्षांपूर्वी साखरेचा आजार निघाला. शेजारीपाजारी सगळ्यांचा एकच सल्ला, भात सोडा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे बोलायला सोपे. बांधीत धान, रेशनवर तांदूळ, मग खायचे काय? तरी वहिनींनी भात सोडला. भूक लागली की मुरमुरे, नाहीतर चहात बुडवून टोस्ट. गोळी चालूच. एके दिवशी गोळी घेऊन उपाशीच रोवणीला गेल्या आणि बांधीतच भोवळ येऊन पडल्या. साखर एकदम उतरली होती.

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत याच आजाराने त्यांची प्रकृती पोखरली होती, हे आपण जाणतोच. म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

1981 साली टोरांटो विद्यापीठातील डॉ. डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 'ग्लायसेमिक इंडेक्स' हे माप मांडले. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती चढते, याचा तो आकडा होय. ग्लुकोजला 100 धरतात. 55 पर्यंत कमी, 70 च्या वर जास्त. मुरमुरे गोड लागत नाहीत, पण त्यांचा आकडा जास्तच्या रांगेत आहे. वहिनींची फसगत इथेच झाली. हरभरा, मूग, बरबटी यांचा आकडा मात्र कमी.

आणि भात? सगळा भात सारखा नसतो. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने इतरांच्या साथीने 235 वाण तपासले, तेव्हा आकडे 48 पासून 92 पर्यंत निघाले. कमी आकड्याच्या वाणांत आपल्या देशातला स्वर्णा होता. शिजवण्याचाही फरक पडतो. गिचका भात साखर लवकर चढवतो. उष्णा तांदूळ धानासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. त्यामुळे त्यातील स्टार्चची घडण बदलते आणि तो अरव्यापेक्षा साधारणपणे सावकाश पचतो. आपल्याकडच्या मिलमध्ये उष्णा तयार होतो, पण पांढऱ्याशुभ्र अरव्याचीच आपल्याला हौस!

आम्ही पेशाने कारकून, तेव्हा हिशेबाचे एक सांगतो. नुसता आकडा पाहून भागत नाही, किती खाल्ले तेही मोजावे लागते. कमी आकड्याचा भातही परातभर खाल्ला तर साखर चढणारच. भाताबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी असली की चढ मंदावतो.

वहिनी आता डॉक्टरांना विचारून दोन वेळा वाटीने मोजून उष्णा भात घेतात. भातापेक्षा वरण आणि पोपटाच्या दाण्यांची भाजी जास्त. गोळी घेऊन उपाशी राहत नाहीत, रोवणीला जाताना डबा सोबत असतो. अडचण एकच आहे. 2023 पासून अन्नसुरक्षेच्या कार्डावर तांदूळ फुकट मिळतो, डाळ मात्र बाजारातूनच आणावी लागते. महिना सरत आला की वहिनींच्या ताटातले वरण पातळ होते आणि भाताची वाटी शिगेला लागते.