सूर्याची मोटार आणि विहिरीचा हिशेब

जालन्याहून भोकरदनला जाताना लागणारे राजूर बाहेरच्यांना ठाऊक आहे ते गणपतीमुळे. साडेतीन गणेशपीठांत त्याची गणना होते आणि अंगारकीला इथे भाविकांची रीघ लागते. याच रस्त्याने जाताना अलीकडे कपाशी, मका आणि मोसंबीच्या रानांत दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली सौर पॅनेल नजरेत भरतात. महावितरणच्या तारेशी त्यांचा काहीही संबंध नाही. अशा सौर कृषिपंपांच्या संख्येत जालना जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. या पंपांनी आमच्या भागात काय बदलले आणि कोणता प्रश्न नव्याने उभा केला, हे मला इथे मांडायचे आहे.

पहिला बदल घड्याळाचा आहे. शेतीची थ्री फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की ऐन थंडीत, चिखलात उभे राहून बॅटरीच्या उजेडात दारे धरायची. साप-विंचवाचे भय वेगळेच. डीपी जळाली तर ती बदलून मिळेपर्यंत पीक डोळ्यांदेखत माना टाकते. सौर पंपाने हे ओझे उतरवले. सूर्य उगवल्यावर पाणी सुरू होते आणि रात्र झोपेसाठी मोकळी राहते. या योजनेचे सर्वांत मोठे यश कोणते, असे मला कुणी विचारले तर मी हेच सांगेन.

पंपाची रचना साधी आहे. तीन अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे तीन हजार वॅटची, तर पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे 4,800 वॅटची पॅनेल लागतात. पॅनेलमधून येणारी वीज उन्हाबरोबर कमीजास्त होते. त्या प्रमाणात मोटारीचा वेग सांभाळण्याचे काम कंट्रोलर करतो. बॅटरी नसते, त्यामुळे सकाळी धार बारीक असते, दुपारी भरते आणि उन्हे कलली की मंदावते. खरी अडचण येते ती पावसाच्या खंडात. आभाळ भरलेले असते, पण थेंब पडत नाही. पिकाला पाणी हवे असते नेमके तेव्हाच पंप धापा टाकतो.

राज्यात 2015 पासून सौर पंपांच्या योजना आल्या. 2019 मध्ये केंद्राची कुसुम योजना सुरू झाली आणि 2024 मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. या योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमाही आहे. 2014 च्या गारपिटीने मराठवाड्यातल्या बागा झोडपल्या होत्या. ते आठवले की काचेच्या पॅनेलला विमा का हवा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 2024 पासूनच राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या तारेवरच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली आहे. म्हणजे बिलाची धास्ती दोन्हीकडे उरलेली नाही. मग उपशाला आळा घालत होते ते काय? ते होते विजेचे तुटपुंजे तास. भारनियमनाला आपण शिव्या घातल्या आणि त्या रास्तच होत्या, पण त्याच भारनियमनाने विहिरीतले थोडे पाणी नकळत राखलेही.

आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो पाणी फार साठवत नाही. जे साठते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे विहीर दुपारपर्यंत उपसली की तिला पाझरायला वेळ द्यावा लागतो. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या तोडून जळणाला घातल्या. त्या वर्षी विजेपेक्षा पाणीच नव्हते. सूर्य मोटार चालवतो, पण विहीर भरत नाही.

यावर गुजरातेत एक वेगळा प्रयोग झाला. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली आणि पंप तारेला जोडले. उरलेली वीज कंपनीला विकता येऊ लागली. पाणी कमी उपसले की वीज उरते आणि पैसे मिळतात. म्हणजे पाणी राखण्याला मोल आले. आपले पंप तारेपासून सुटे असल्याने ही सोय नाही. पाण्याची गरज नसते त्या दिवशी पॅनेल नुसतीच तापत राहतात. कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवू शकेल असा कंट्रोलर बसवला, तर त्या उन्हाचे चीज होईल.

जवळचा धडाही आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीने आधी पाणलोटाची कामे केली, मग शेततळी खोदली आणि त्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या. शेततळे हीच सौर पंपाची खरी बॅटरी. दुपारचे पाणी त्यात साठते आणि ठिबकने सोयीने देता येते. पण ते तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरायला हवे. विहिरीतले पाणी उपसून उघड्या तळ्यात ओतले, तर त्यातले बरेचसे उन्हाळ्यात वाफ होऊन जाते.

हिवरे बाजारने वर्षाचा पाऊस मोजून पिके ठरवण्याचा पायंडा पाडला आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. राजूर परिसरातल्या गावांनाही आता तेच करावे लागेल. ग्रामसभेत पर्जन्यमापकाची नोंद वाचावी, दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजावी आणि रब्बीत किती रान भिजवायचे ते एकत्र बसून ठरवावे. पंप सरकारकडून मिळतो, तो बसवायला एक-दोन दिवस पुरतात. हा हिशेब मात्र गावालाच मांडावा लागतो, आणि तो दरवर्षी नव्याने.