त्रिभुवन परतले, वचन राहिले

१५ फेब्रुवारी १९५१ रोजी नेपाळचे राजे त्रिभुवन दिल्लीहून काठमांडूच्या गौचर विमानतळावर उतरले, तेव्हा स्वागताला गर्दी लोटली होती. गंमत अशी, की या राजाने तोवर राज्य असे कधी केलेच नव्हते. पाचव्या वर्षी, १९११ मध्ये, ते गादीवर बसले. पण १८४६ मध्ये दरबारात झालेल्या कोत हत्याकांडापासून कारभार होता राणा घराण्याकडे. पंतप्रधानपद त्यांच्याच घरात वंशपरंपरेने फिरत होते. राजा ‘श्री पाच’, राणा ‘श्री तीन’; मान पहिल्याला, खजिना आणि फौज दुसऱ्याला.

६ नोव्हेंबर १९५० ला त्रिभुवन सहकुटुंब शिकारीच्या निमित्ताने राजवाड्यातून निघाले आणि गाड्या वळल्या थेट भारतीय दूतावासात. युवराज महेंद्र आणि थोरला नातू वीरेंद्र बरोबर होते, धाकटा ज्ञानेंद्र मागे राहिला होता. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान मोहन शमशेर यांनी त्या तीन वर्षांच्या पोराला राजा करून टाकले. काही दिवसांत भारतीय विमानाने त्रिभुवन दिल्लीत आले. इकडे नेपाळी काँग्रेस या पक्षाने तराईत सशस्त्र उठाव केला आणि वीरगंज घेतले. ब्रिटनचा कल बालराजाकडे होता. नेहरू मात्र त्याला मान्यता द्यायला तयार झाले नाहीत. राणांना नमावे लागले.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, राजाने जाहीरनामा काढला : यापुढे लोकांनी निवडलेल्या संविधान सभेने केलेल्या घटनेनुसार देश चालेल. विक्रम संवत २००७, फाल्गुन ७. नेपाळ हा दिवस आजही लोकशाही दिन म्हणून पाळतो. माझ्या मते पुढची सगळी कहाणी याच एका वचनाची आहे.

मोहन शमशेर पंतप्रधान आणि नेपाळी काँग्रेसचे बी. पी. कोइराला गृहमंत्री, असे राणा-काँग्रेस मंत्रिमंडळ बनले आणि नोव्हेंबरातच कोसळले. १९५५ मध्ये झुरिकला त्रिभुवन वारले. महेंद्र यांनी संविधान सभा बाजूला सारून १९५९ मध्ये स्वतःच घटना बहाल केली. निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या, कोइराला पंतप्रधान झाले; आणि १५ डिसेंबर १९६० ला राजाने त्यांना पकडून संसद मोडीत काढली. कोइराला आठ वर्षे कैदेत होते. लोकांनी राणांकडून सोडवून आणलेली सत्ता राजवाड्याने अशी गिळली.

१९९० च्या जनआंदोलनाने राजवाड्याने पक्षांवर घातलेली बंदी उठली, राजे वीरेंद्र घटनेच्या चौकटीत आले. १ जून २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडात ते गेले आणि मुकुट दुसऱ्यांदा ज्ञानेंद्र यांच्या डोक्यावर आला. २००५ मध्ये त्यांनी सगळी सत्ता हातात घेतली. पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले आणि ती त्यांना सोडावी लागली.

त्रिभुवन यांनी कबूल केलेली संविधान सभा अखेर एप्रिल २००८ मध्ये निवडून आली, सत्तावन्न वर्षे उशिरा. २८ मे रोजी तिची पहिली बैठक भरली. त्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपली.