दुर्बिणीला कॅमेरा : लेथवाल्या कारागिरांसाठी नवे काम

पक्ष्यांचे फोटो काढणे हा पैसेवाल्यांचा शौक, अशी समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. लांबचा पक्षी टिपणाऱ्या मोठ्या टेली लेन्सची किंमत लाखांच्या घरात जाते. परंतु पक्षी पाहण्याची दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, ज्याच्याकडे आहे, तो तिच्या आयपीसला साधा कॅमेरा किंवा मोबाईल जोडून बरेचसे काम भागवू शकतो. या पद्धतीला डिजिस्कोपिंग म्हणतात. जोडणीचा जो तुकडा लागतो, तो मात्र हुन्नर असलेल्या हातानेच नीट बनतो.

सुरुवात कशी झाली?

१९९९ साली मलेशियातील पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी छोटा डिजिटल कॅमेरा सहज स्कोपच्या आयपीसला लावून पाहिला आणि फोटो चांगला आला. त्या काळी निकॉनचा कूलपिक्स ९५० या कामासाठी गाजला. त्याची लेन्स लहान होती व झूम करताना पुढे सरकत नसे. आज त्याची जागा बहुतेक ठिकाणी मोबाईलने घेतली आहे.

हिशेब साधा आहे. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण २६ मिलिमीटरच्या तोडीची असते. स्कोप ३० पट मोठे दाखवत असेल, तर २६ गुणिले ३० म्हणजे ७८० मिलिमीटरच्या लेन्सइतकी पोच मिळते. भिगवणला उजनीच्या पाण्यात किंवा ठाण्याच्या खाडीत उभे असलेले रोहित काठावरून, त्यांना न उठवता टिपता येतात.

खरी अडचण कोठे आहे?

स्कोपची पुढची काच ८० मिलिमीटरची असेल, तर २० पटीवर आयपीसमधून निघणारा प्रकाशाचा झोत फक्त ४ मिलिमीटर रुंद असतो. ६० पटीवर तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. मोबाईल दोन मिलिमीटर जरी सरकला, तरी फोटो अर्धा काळा. हाताने धरून हे जमत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या आयपीसचा बाहेरचा व्यास निराळा. त्यामुळे सर्वांना बसणारा तयार अॅडॅप्टर अनेकदा ढिला पडतो. मापाने काम करणाऱ्या टर्नरला संधी आहे ती येथेच.

कसे बनवावे?

नायलॉन किंवा अॅल्युमिनियमचा रॉड घ्यावा. आयपीसचा व्यास व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजावा आणि बोअर किंचित मोठा ठेवून आत पातळ फेल्ट चिकटवावे. गिऱ्हाइकाच्या आयपीसवर ओरखडा गेला, तर मजुरीपेक्षा नुकसान मोठे होईल. काच व लेन्स यांतील अंतर प्रत्यक्ष लावून, काळे वर्तुळ नाहीसे होईपर्यंत ठरवावे. आतला भाग काळा व बिनचमकीचा असावा.

वस्तू दोन भागांत करावी : आयपीसवर बसणारी नळी वेगळी आणि मोबाईल धरणारी पट्टी वेगळी. लोक मोबाईल वरचेवर बदलतात, स्कोप मात्र वर्षानुवर्षे वापरतात. नवा मोबाईल आला की फक्त पट्टी बदलावी. गिऱ्हाईक परत येते ते यामुळेच.

मापांची वही ठेवा

प्रत्येक कामाचे मॉडेल व माप वहीत लिहून ठेवावे. काही महिन्यांत ती वहीच तुमचे भांडवल ठरेल. मजुरी आधी ठरवावी, आगाऊ रक्कम घ्यावी आणि स्कोप समोर बसवून दाखवूनच माल द्यावा. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगाव्यात : मजबूत ट्रायपॉड वापरा, आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. नाहीतर फोटो हलेल आणि दोष तुमच्या अॅडॅप्टरला लागेल.

हे गिऱ्हाईक थोडे आहे, रोज रांग लागणार नाही. पण पक्षीनिरीक्षक एकमेकांना ओळखतात आणि एकाचे काम चोख झाले की दुसऱ्याला पत्ता सांगतात. हातात लेथ आहेच, तर पहिला तुकडा बनवून पाहण्यास खर्च एका रॉडचा व एका दुपारचा.