पुराची पूर्वसूचना म्हणजे काय?

भूतानसारख्या लहान हिमालयीन देशात ‘पूर्वसूचना यंत्रणा’ उभारली म्हणजे पूर केव्हा येणार हे आधीच कळते, असा समज सर्वत्र आढळतो, व तो स्वाभाविकही आहे. वस्तुतः ही यंत्रणा भाकीत करीत नाही. वर डोंगरात घडून गेलेल्या घटनेची खबर ती पाण्याच्या आधी खाली पोहोचविते. रेल्वेफाटकावरील घंटा वेळापत्रक सांगत नाही, गाडी मागच्या स्थानकावरून सुटली एवढेच कळविते, तसेच हे.

७ ऑक्टोबर १९९४ रोजी लुनाना प्रदेशातील लुग्ये त्सो सरोवराचा हिमोढ (हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचा बांध) फुटला, आणि फो छू नदीतून उतरलेल्या लोंढ्याने पुनाखापर्यंत हानी करीत २१ माणसांचे प्राण घेतले. पुढे कित्येक वर्षे लुनानात बिनतारी संच घेऊन बसलेले दोन कर्मचारी हाच मुख्य बंदोबस्त होता; आता पातळीमापके व भोंगे ते काम करतात. मात्र हाती लागणारे ते थोडे तास, कोणत्या वाटेने उंचावर जायचे व रुग्णांना कोणी उचलायचे हे आधी ठरलेले असेल, तरच उपयोगी पडतात.

मूळ धोका घटविण्याची तजवीज निराळी असते. शेजारच्या थोरथोर्मी सरोवराची पातळी सुमारे ५ मीटर उतरविली ती मजुरांनी, हिमशीत पाण्यात उभे राहून, हातांनी दगड उपसून. त्या श्रमांचे मोल मला कोणत्याही भोंग्याहून अधिक वाटते.