हिमोग्लोबिनच्या खालची ओळ

पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक वहिनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. मालवणच्या बाजारात मासळी विकतात, अंगाने अगदी बारीक. मुलाने मोबाईलवर काही वाचून त्यांना घाबरवलं होतं. मला म्हणाल्या, "बाय, ह्यो आकडो वाढलो म्हणजे माका साखर झाली काय?"

शिबिरात आपलं रक्त तपासतात तेव्हा आपण फक्त हिमोग्लोबिन बघतो आणि कागद पिशवीत टाकतो. त्याच्या खाली पांढऱ्या पेशींची माहिती असते. त्यात दोन नावं शोधा, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल म्हणजे जखम झाली, जंतू शिरले की आधी धावणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट जंतूंची ओळख लक्षात ठेवतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. न्यूट्रोफिल ५४ आणि लिम्फोसाइट २७ असतील तर उत्तर २. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतं. वहिनींचे आकडे होते ८० आणि १०, म्हणजे ८.

याचा मधुमेहाशी काय संबंध? पोटाभोवती, आतड्यांजवळ चरबी साठली की तिथून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जात राहतात. ही सूज पायावर येते तशी दिसत नाही. ओल्या लाकडांची चूल जशी धड पेटत नाही आणि विझतही नाही, नुसती धुमसते, तसं ते असतं. त्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं आणि साखर वाढते. पांढऱ्या पेशींचं हे गुणोत्तर त्या धुराचा अंदाज देतं. मूत्रपिंड, डोळे किंवा पाय बिघडलेल्या मधुमेहींमध्ये ते जास्त असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. प्लेटलेट आणि लिम्फोसाइटचंही असंच गुणोत्तर काढतात.

पण धूर कुठूनही येऊ शकतो. ताप, किडलेली दाढ, पिकलेली जखम, लेप्टो, स्टिरॉइडची गोळी, गरोदरपण, कशानेही न्यूट्रोफिल वाढतात. म्हणून या आकड्यावरून मधुमेह आहे किंवा नाही, असं कुणी सांगू शकत नाही. वहिनींना विचारलं तर रक्त दिलं त्या दिवशी अंगात ताप होता आणि मासळीचा काटा लागून बोट पिकलं होतं! मग ८ का आले ते सांगायला नको.

मधुमेहासाठी तपासणी वेगळी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, आणि त्रास काही नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री. यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. लोह कमी असलेल्या बाईची एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. तेव्हा हिमोग्लोबिनचा कागद डॉक्टरांना दाखवाच.

आणि "मी बारीक, माका खंयची साखर" हे मनातून काढा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! वरून बारीक, आत चरबी, असे आपण भारतीय. तराजूला ते कळत नाही, कमरेचं माप घेतलं तर थोडं कळतं.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर सरकारी योजनेत तपासतात. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात जा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पाय मात्र रोज बघावेत, विशेषतः शेतात आणि खाडीत अनवाणी उतरणाऱ्यांनी. मिश्री लावत असाल तर हिरड्याही दाखवा. जखम लाल झाली, पू आला, ताप भरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद लावून वाट बघू नका.

वहिनींचं बोट बरं झाल्यावर त्यांनी पुन्हा रक्त दिलं. गुणोत्तर आलं २. मुलगा खूश. पण त्याच दिवशी उपाशीपोटीची साखर आली १४८, पुढच्या आठवड्यात १५१. आता त्यांच्या गोळ्या चालू आहेत, आणि मुलाने स्वतःची साखरही तपासून घेतली आहे.