पोरीच्या हातात पेचकस

पोहरादेवीहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. आमच्यातल्या एकीच्या घरी घडलेली गोष्ट आधी सांगतो, कारण त्यात चूक आम्हा सगळ्यांचीच होती.

रात्री ओलिताला जाताना लागणारी सेलची बॅटरी बंद पडली होती. सहावीतल्या पोरीनं बापाचा पेचकस घेतला आणि बॅटरी खोलून अंगणात पसरली. आईनं पाहिलं अन् पाठीत धपाटा घातला. त्याच अंगणात तिचा भाऊ सायकलची चेन काढून बसला होता. त्याला आम्ही काय म्हणालो? "हा इंजिनिअर होणार!" पोरगी गप्प झाली. पुढे कितीतरी दिवस तिनं कशाला हात लावला नाही आणि काही विचारलंही नाही. हे न विचारणं आईला जास्त लागलं. बैठकीत तिनंच विषय काढला.

मग आम्ही त्या पोरीलाच बोलावलं आणि ती बॅटरी सगळ्यांसमोर खोलायला सांगितली. आतली स्प्रिंग गंजली होती. तिनं ती घासपेपरनं घासली, सेल सरळ घातले, आणि उजेड पडला. झालं काय होतं? सेलमधून निघालेली वीज बल्बातून फिरून परत सेलकडे आली, तरच बल्ब लागतो. वाट कुठंही तुटली की संपलं. लोखंडातून वीज जाते, गंजातून नीट जात नाही. आमच्यातल्या निम्म्या बायांना हे त्या दिवशी कळलं, आणि तेही अकरा वर्षांच्या लेकराकडून.

अशा शिकण्यासाठी महाग सामान लागत नाही. अरविंद गुप्ता नावाचे इंजिनिअर पुण्यात टाटांच्या मोटार कारखान्यात नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादकडे खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथं त्यांनी आगकाडीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांच्यापासून मुलांसाठी खेळ तयार केला. नळीच्या तुकड्यांत काड्या खोचायच्या आणि त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा उभा करायचा. पुढे पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी बनवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांच्या फिती मराठीतही आहेत आणि मोबाईलवर फुकट पाहता येतात.

आमच्याकडे तर तुराट्या आहेत. चार तुराट्यांचा चौकोन करा आणि कोपरे सुतळीनं सैलसर बांधा. बोटानं ढकललं की चौकोन कलंडतो. आता तीन तुराट्यांचा त्रिकोण बांधून ढकला. तो हलत नाही! कारण तिन्ही बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. काडी मोडल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. मग त्या कलंडणाऱ्या चौकोनाला आडवी-तिरपी एक तुराटी बांधा, त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही घट्ट उभा राहतो. एवढं झालं की पोरांना गावात हिंडवा. गोठ्याच्या फाटकाला तिरपी पट्टी का मारली, टिनाच्या शेडखाली लोखंडाचे त्रिकोण का जोडले, हे ती आपसूक सांगायला लागतात.

"पण बाई, मी चौथी शिकलेली. लेकरू 'याडी, हे असं का?' म्हणून विचारतं, त्याला काय सांगू?" असं एका मैत्रिणीनं तांड्यावरून विचारलं. उत्तर येत नसेल तर देऊ नका. "तुला काय वाटतं?" असं उलट विचारा आणि म्हणा, "चल, करून पाहू." हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर का तापवतात? थंड असताना वाजवू द्या, तापवून वाजवू द्या. ओलाव्यानं कातडं सैल पडतं, शेकलं की ताणतं, आणि आवाज चढतो. नंगाऱ्याच्या गावातल्या पोरांना आवाजाचा धडा फक्त पुस्तकातूनच का द्यायचा?

पेरणीआधीचा एक प्रयोग तर आपण करतोच, फक्त लेकरांना त्यात घेत नाही. सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ती वाळू द्यायची नाही. आठवडाभरात ती उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचं एकरी ३० किलो बियाणं पुरतं. कमी उगवले तर बियाणं वाढवा नाहीतर बदला. हे मोजणं लेकीकडे द्या. तिच्या वहीतल्या आकड्यावर घरची पेरणी ठरली, की टक्केवारीचं गणित तिला परत शिकवावं लागत नाही.

शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचारावर. ते मुंबईतल्या मोठ्या कंपनीतले संशोधक, पण दुष्काळी गावात येऊन राहिले. त्यांच्या कार्यक्रमात शाळेतली मुलंमुली आठवड्यातला एक दिवस हातानं काम करून शिकतात: वेल्डिंग, वीजजोडणी, माती तपासणं, रक्तातलं हिमोग्लोबिन पाहणं. गावाला खरोखर लागणारं काम करता करता शिकणं, हा त्यातला आम्हाला सगळ्यात पटलेला भाग.

आता धाकाची गोष्ट, आणि इथं आम्ही कडकच बोलतो. बॅटरीचा एक सेल दीड व्होल्टचा. तीन सेलांनी झटका बसत नाही. घरातली वीज २३० व्होल्टची, ती जीव घेते. प्लगला लागणारी कुठलीही वस्तू पोरांना खोलू देऊ नका. मोबाईलची किंवा चार्ज होणारी बॅटरी फोडू देऊ नका, ती पेट घेते. मळणी यंत्राजवळ तर लेकरू फिरकूही देऊ नका. बाकी पेचकस, पक्कड, सुतळी, काड्या त्यांच्या हाती राहू द्या. चार वस्तू मोडतील. आमच्याकडे मोडल्या, एक घड्याळ कायमचं गेलं.

पुढच्या बैठकीला येताना बंद पडलेली सेलची बॅटरी, मोडकं खेळणं, फाटकी ट्यूब, जे असेल ते घेऊन या. लेकीलाही आणा. पेचकस आमच्याकडे आहे.