नव्या समुपदेशकाचे सत्र कोणी ऐकायचे?
नवा समुपदेशक कसे काम करतो, हे त्याने नंतर सांगितलेल्या हकिकतीवरून कळत नाही. सत्राचे ध्वनिमुद्रणच ऐकावे लागते. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेत नैराश्यावर काम करणारे, मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक एकमेकांची सत्रे ऐकून ठरलेल्या निकषांवर गुण देत. सहकारी एकमेकांना सांभाळून घेतील, ही शंका रास्तच. पण तिथे त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. सोलापुरात तर या पद्धतीची गरज अधिक आहे. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत मराठीसोबत तेलुगू, कन्नडही बोलल्या जातात. तिन्ही भाषांतल्या बोलण्यातली टाळाटाळ एकट्या ज्येष्ठ समुपदेशकाच्या कानाला कळेलच असे नाही, गटाला कळू शकते. मात्र ध्वनिमुद्रणाला रुग्णाची लेखी संमती हवी, आणि आत्महत्येचा धोका दिसला तर निर्णय मनोविकारतज्ज्ञाचाच.